स्वतःपेक्षा वेगळे पात्र (रोलप्लेइंग खेळ)

रोलप्लेइंग खेळात आपल्याहून वेगळ्या शरीराचे, बुद्धीचे, स्वभावाचे, लिंगाचे किंवा समाजाचे पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलणे आणि निर्णय घेणे. नटाच्या हाती संहिता असते, खेळाडूच्या नसते. खेळ चालवणारा गेम मास्टर प्रसंग उभा करतो आणि पात्र काय करील ते जागच्या जागी ठरवावे लागते. हा परकायाप्रवेश कायेपुरता सोपा असतो; खरी कसोटी मनाची लागते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) पात्राचे सहा गुण प्रत्येकी तीन फासे टाकून ठरत. त्यामुळे दणकट योद्धा हवा असताना किडकिडा, मठ्ठ इसम वाट्याला येई आणि त्यालाच घेऊन खेळावे लागे. पुढे ठरावीक बिंदू खर्चून गुण विकत घेण्याच्या पद्धती आल्या, तसे वेगळेपण नशिबावर न राहता खेळाडूच्या निवडीवर आले.

ताकदीचा प्रश्न फासे सोडवतात. दार फोडायला खेळाडूला उठावेही लागत नाही. बोलण्याचे तसे नाही. समजा, एका बुजऱ्या खेळाडूने वाक्चतुर भाट घेतला आहे आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याला गुंडाळायचे आहे. त्याने अस्खलित भाषण ठोकावे, अशी अपेक्षा धरली तर गप्प माणसाला असे पात्र कधीच मिळणार नाही. म्हणून “मी त्याच्या वरिष्ठाचा निरोप्या असल्याची थाप मारतो” एवढे सांगून फासा टाकणे बहुतेक ठिकाणी चालते, आणि ते योग्यच आहे. उलट बाजूची अडचण अधिक गमतीची आहे: मठ्ठ योद्ध्याच्या खेळाडूला कोडे सगळ्यांआधी सुटते. त्याने तोंड मिटून बसावे की उत्तर दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालावे, यावर खेळाडूंचे एकमत नाही.

स्वभावासाठी नियम करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात (१९८५) आढळतो. त्यात दयाळू–क्रूर यांसारख्या तेरा जोड्या असून प्रत्येक जोडीची बेरीज २० असते. सरदाराची दया १६ असेल, तर क्रौर्य ४. शरण आलेला वैरी समोर असताना वीस बाजूंचा फासा टाकायचा. १६ किंवा त्याखाली आकडा आला की खेळाडूला सूड हवा असला तरी सरदार तलवार म्यान करतो. हे काहींना जाचक वाटते. पण “माझे पात्र असेच वागेल” म्हणत सोबत्यांचीच थैली लांबवणाऱ्यांपेक्षा हा जाच परवडला. ते पात्र घडवणारा शेवटी खेळाडूच असतो.

दुसऱ्या लिंगाचे पात्र घेणे सर्रास चालते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीला कमी मर्यादा होती, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली. खऱ्या समाजातले किंवा अपंगत्व असलेले पात्र घेताना मात्र सोंग आणि टवाळी यांतले अंतर झटकन मिटते. उच्चारांची नक्कल हे त्याचे नेहमीचे लक्षण. पात्राला काय हवे आहे आणि ते कशाला भिते, एवढे ठरवले तर नकलेची गरज उरत नाही.

खेळ सुरू होण्यापूर्वी कोणते विषय टाळायचे ते ठरवणारी बैठक (‘सेशन झीरो’) आता रूढ आहे. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या ‘एक्स-कार्ड’ला कोणीही हात लावला की नको असलेला भाग कारण न विचारता वगळला जातो. पात्राचा राग किंवा प्रेम खेळाडूच्या मनात झिरपण्याला ‘ब्लीड’ म्हणतात. वेशभूषा करून प्रत्यक्ष वावरत खेळल्या जाणाऱ्या ‘लार्प’मध्ये हे विशेष जाणवते. म्हणून तिथे खेळ संपल्यावर काही गट एकत्र बसतात, पात्राच्या नावाची पट्टी काढून ठेवतात आणि आपल्या पात्राविषयी ‘मी’ऐवजी ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणून बोलतात.