मोफत वायफाय आणि हवेतली रांग

प्रत्येक नागरिकाला इंटरनेट मोफत मिळावे, असे खासगी विधेयक खासदार व्ही. शिवदासन यांनी २०२३ साली राज्यसभेत मांडले. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ या सार्वजनिक वायफाय योजनेमुळे चहाच्या टपरीवाल्यालाही परवान्याशिवाय वायफाय विकता येते. हेतू चांगलाच आहे. मात्र फुकट द्यायचे ठरवले तरी हवा सर्वांची एकच असते.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळच्या एका टपरीवर माझ्या मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसत होत्या, पान मात्र उघडत नव्हते. रेघा फक्त एवढेच सांगतात की आवाज ऐकू येतो आहे. बोलायला मिळेल, असे नाही. एका वाहिनीवर, म्हणजे लहरींच्या एका अरुंद पट्ट्यावर, एका वेळी एकाच यंत्राने बोलायचे असते आणि रांग लावायला तिथे कोणी नसतो. म्हणून प्रत्येक मोबाइल आधी कानोसा घेतो, हवा शांत वाटली की ० ते १५ मधला एक आकडा मनाशी धरतो, ९ मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनी उलटे मोजू लागतो, मध्येच दुसरा बोलू लागला तर मोजणी तिथेच थांबवतो आणि शून्यावर आला की बोलतो. दोघे एकदम शून्यावर आले तर टक्कर होते. पण स्वतःच्या आवाजात दुसऱ्याचा क्षीण आवाज बुडत असल्याने ती कळत नाही, पोच आली नाही यावरूनच ताडावी लागते. मग आकडा ० ते ३१ मधून, पुढे ० ते ६३ मधून, असे करत १०२३ पर्यंत. गर्दीत बराच वेळ या मोजण्यातच सरतो.

त्यात पाळण्याजवळ उभा असलेला, सिग्नल क्षीण असलेला गडी सावकाश बोलतो. जुन्या पद्धतीत त्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट आणि टपरीजवळच्याचा ५४ असू शकतो. तेवढ्याच मजकुरासाठी तो कितीतरी पट वेळ हवा अडवतो.

(याच यात्रेत मोबाइलला चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ चकत्याही दिसल्या. वायफायच्या एका ऊर्जाकणात रासायनिक बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा लाखावा भागही नसतो, तेव्हा ते पैसे भजीला ठेवावेत.)

कायद्याला खरे बळ आहे ते लहरींचा पट्टा वाटण्यात. अमेरिकेत २००८ साली तिथल्या संसद सदस्य ॲना एशू यांच्या विधेयकात एक पट्टा लिलावात देऊन त्यावर मोफत सेवा सक्तीची करायची होती. ते मंजूर झाले नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. तिथे अशा वीसहून अधिक मावतात.