नायट्रेटची मर्यादा, पेयजलातील

नायट्रेटची मर्यादा, पेयजलातील : पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे किती नायट्रेट (नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग) चालेल हे सांगणारा आकडा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 (2012) मानकात तो 45 मिग्रॅ. आहे. फ्लोराइडला 1 मिग्रॅ. मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिग्रॅ.पर्यंत सूट मिळते. नायट्रेटला ती नाही.

रसायनांच्या मर्यादा सहसा प्राण्यांवरील प्रयोगांतून काढतात. अपाय न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा घेऊन तिला बहुधा 100 ने भागतात. त्यातला काही वाटा पाण्याचा मानतात आणि 60 किग्रॅ. वजनाचा माणूस रोज 2 लि. पाणी पितो असे धरतात. (चैत्र-वैशाखात बेळगाव जिल्ह्यातील अथणीकडच्या रानात राबणाऱ्याचे 2 लिटरमध्ये भागणे कठीण.) नायट्रेटचा आकडा मात्र या वाटेने आलेला नाही.

1945 मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी अर्भके निळी पडल्याची नोंद केली. नायट्रेटपासून पोटात नायट्राइट होते, ते रक्तातील हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती हिरावते. 1951 मधील वॉल्टन यांच्या पाहणीत 278 रुग्ण नोंदले गेले. पाण्याचे मोजमाप उपलब्ध असलेल्यांपैकी एकाच्याही पाण्यात नायट्रेटमधील नायट्रोजन लिटरमागे 10 मिग्रॅ.च्या खाली नव्हता. 10 मिग्रॅ. नायट्रोजन म्हणजे सुमारे 44.3 मिग्रॅ. नायट्रेट, 45 हा आकडा बहुधा त्यावरूनच रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना 50 मिग्रॅ. मानते. सुरक्षिततेचा वेगळा भाजक येथे लावलेला नाही.

काही अभ्यासकांच्या मते अर्भकांच्या आजाराचे मूळ हगवणीत, दूषित विहिरींच्या जंतूंत होते व मर्यादा गरजेपेक्षा कडक आहे. उलट डेन्मार्कमधील 2018 च्या अभ्यासात याहून बऱ्याच कमी पातळीला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध दिसला. दुसऱ्या मताचा पुरावा निर्णायक नसला, तरी पहिल्याच्या आधारे मर्यादा सैल करणे धाडसाचे ठरेल.

कर्नाटकातील बेळगाव शहराला राकसकोप व हिडकल जलाशयांचे पाणी मिळते. नायट्रेटचा प्रश्न मुख्यतः विहिरी व बोअरचा. जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या उसाच्या पट्ट्यात युरिया व शेणखताचा, गावठाणात शोषखड्ड्यांचा निचरा भूजलात उतरतो. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडे, खानापूरच्या पश्चिमेस, पाऊस भरपूर व ऊस कमी.

तपासणीचा कागद वाचताना दोन गफलती होतात. आकडा ‘नायट्रेट’ म्हणून दिला आहे की ‘नायट्रोजन’ म्हणून, हे न पाहिल्यास सुमारे साडेचार पटींची चूक पडते. शिवाय कन्नडमध्ये मर्यादेला ‘मिति’ म्हणतात. मराठी वाचणारा त्या जागी तारीख शोधतो.

पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, वाफ जाईल तसे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीनच्या गोळीचाही त्यावर परिणाम होत नाही.