स्कॅन झाल्यानंतरचं ग्रंथालय

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागच्या बाजूच्या कपाटात एक जुना प्रबंध उभा असतो. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत टाइपरायटरवर उमटवलेली तीनेकशे पानं. कुणीतरी त्यासाठी आयुष्यातली चार-पाच वर्षं दिलेली असतात, आणि जमा झाल्यापासून तो फार तर दोन-चार जणांनी उघडलेला असतो. हा प्रबंध स्कॅन करून वेबसाइटवर चढवला की डिजिटल ग्रंथालय तयार झालं, अशी समजूत सर्रास आढळते. पैसे मंजूर करणाऱ्यांचीही बऱ्याचदा तीच असते. माझ्या मते या क्षेत्रात सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीनं केलं आहे. स्कॅनिंग एकदा केलं की होऊन जातं. त्यानंतरचं काम मात्र रोजचं असतं, आणि ते न दिसणारं असल्यामुळे त्याच्यासाठी ना माणसं मिळतात ना पैसा.

आधी स्कॅनिंगचाच हिशोब पाहू. ए-फोर आकाराचं पान इंचाला ३०० बिंदू या दरानं टिपलं, तर आडवे २४८० आणि उभे ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत चित्रात एका बिंदूला तीन बाइट लागतात, म्हणजे न आवळलेलं (आकार कमी न केलेलं) एक पान २६ मेगाबाइटचं. तीनशे पानांचा प्रबंध जवळपास आठ गिगाबाइटवर जातो. एवढी फाईल वाचकाला देता येत नाही, म्हणून दोन प्रती ठेवायच्या असतात: एक टिफसारख्या स्वरूपातली, काहीही न गाळलेली मूळ प्रत आणि दुसरी वाचनासाठी आवळलेली पीडीएफ. जागा वाचवायला मूळ प्रत पुसून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. उद्या अक्षर ओळखणारी अधिक चांगली प्रणाली आली, की तिला तीच स्वच्छ प्रत लागते. ती नसेल तर खिळखिळी बांधणी पुन्हा स्कॅनरखाली उघडावी लागते, आणि जुना कागद प्रत्येक वेळी ते सोसेलच असं नाही.

पण स्कॅन म्हणजे नुसता फोटो. त्यात शब्द शोधता येत नाहीत. ते काम ओसीआर करतं: चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवतं. ९९ टक्के अचूकता ऐकायला छान वाटते, पण पानावर दोन हजार अक्षरं असतील तर ती पानामागे वीस चुका एवढी होते. त्यातली एखादी नेमकी वनस्पतीच्या किंवा गावाच्या नावात पडली, की ते पान त्या शोधापुरतं नाहीसं झालं. देवनागरीत अडचण आणखी वाढते. शिरोरेषा सगळी अक्षरं एकत्र बांधते, वर-खाली मात्रा आणि उकार असतात, जोडाक्षरं आपले आकार बदलतात. त्यामुळे एकेक अक्षर सुटं करून ओळखण्याची जुनी पद्धत इथे अडखळते. नव्या प्रणाली आख्खी ओळ एकत्र वाचतात, म्हणून त्यांचे निकाल बरेच सुधारले आहेत.

मजकूर अचूक उतरला तरी एक बारीक गोष्ट राहतेच. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक चिन्हक्रमात, एका स्वतंत्र चिन्हानं लिहिता येतो. साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब), असाही लिहिता येतो. आणि काही कीबोर्ड र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तोच आकार उमटवतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या तीन वेगवेगळ्या चिन्हमालिका आहेत. एका प्रकारे लिहिलेला शब्द शोधला तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम पहिल्या दोन रूपांना एकत्र आणतात. तिसऱ्यासाठी ग्रंथालयाला स्वतःचा नियम लिहावा लागतो. कुणी तो लिहिला नसेल तर वाचक ‘इथे काही नाही’ असं समजून निघून जातो, आणि त्याची तक्रारही कुणापर्यंत पोचत नाही.

यानंतर नोंदणी. कपाटातल्या पुस्तकाला तालिकेतलं कार्ड असायचं, तसा प्रत्येक फाईलला मेटाडेटा, म्हणजे तिच्याविषयीची नोंद, लागतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी १९९५ मध्ये ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले, आणि त्यातून पुढे ‘डब्लिन कोर’ हा पंधरा घटकांचा साचा तयार झाला: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क वगैरे. पंधरा रकाने भरणं हे कारकुनी काम वाटतं. एक रकाना प्रत्यक्ष भरायला बसलं की ते तसं नाही हे कळतं. तारीख कोणती लिहायची: प्रबंध सादर केल्याची, पदवी मिळाल्याची, की स्कॅन केल्याची? कर्त्याचं नाव पूर्ण लिहायचं की आद्याक्षरांनी? लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर? एकाच संशोधिकेचे लेख तीन नावांखाली विखुरले, तर यंत्राच्या दृष्टीनं त्या तीन व्यक्ती होतात. २०१२ पासून संशोधकांना सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक दिला जातो तो याचसाठी. जुन्या प्रबंधांच्या कर्त्यांना मात्र असा क्रमांक नसतो. तिथे जाणकार ग्रंथपालाची नजर आणि धीर हेच उपयोगी पडतात.

नोंदी नीट असल्या की त्या विद्यापीठाबाहेरही जातात. २००१ मध्ये आलेल्या ओएआय-पीएमएच या संकेतामुळे एका भांडारातल्या, म्हणजे एका संस्थेच्या डिजिटल संग्रहातल्या, नोंदी दुसरी यंत्रणा आपोआप उचलू शकते, आणि हजारो विद्यापीठांचे प्रबंध एकाच ठिकाणी शोधता येतात. असं भांडार चालवायच्या सॉफ्टवेअरचीही फारशी चिंता नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातून २००० मध्ये आलेलं ईप्रिंट्स किंवा एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये आणलेलं डीस्पेस मोफत वापरता येतं.

मग पत्त्याचा प्रश्न येतो. विद्यापीठाची वेबसाइट दर काही वर्षांनी नवी होते आणि जुने दुवे मरतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेले दुवे हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासले, तेव्हा त्यांतले निम्मे मूळ मजकुरापर्यंत नेत नव्हते. न्यायनिवाड्यांची ही गत, तर प्रबंधांच्या संदर्भसूचींचं काय होत असेल! यावरचा उपाय म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट कान यांच्या कल्पनेतून ‘हँडल’ ही व्यवस्था आली, आणि शोधनिबंधांवर दिसणारा डीओआय हा ओळखक्रमांक तिच्यावरच उभा आहे. फाईल कुठेही हलवली तरी क्रमांक तोच राहतो. फक्त हलवणाऱ्यानं नवा पत्ता नोंदवायचा असतो. म्हणजे इथेही शेवटी लक्षात ठेवून ते करणारा कुणीतरी माणूस हवा.

नवे लेख जमा करून घेणं हे आणखी एक अवघड काम. प्राध्यापकांना विनंतीपत्रं पाठवून फारसं काही हाती लागत नाही. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठानं वेगळा मार्ग काढला. २००८ मध्ये त्यांचं ‘ऑर्बी’ भांडार सुरू झालं आणि बढतीच्या वेळी फक्त त्यात जमा केलेलेच लेख विचारात घेतले जातील, असा नियम झाला. भांडार भरू लागलं. सक्ती मला एरवी आवडत नाही, पण इथे ती योग्य वाटते. मात्र प्रकाशकाची अट किंवा पेटंटचा अर्ज असेल तर फाईल ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची सोय हवी, आणि मुदत संपली की ती आपोआप खुली झाली पाहिजे.

सगळ्यात कठीण काम जतनाचं. १९८६ मध्ये बीबीसीनं, इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेची नोंद असलेल्या १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ला नऊशे वर्षं झाली म्हणून, ब्रिटनच्या लोकजीवनाची माहिती लेझर डिस्कवर साठवली. सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली, आणि संशोधकांना जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उभी करावी लागली. चामड्यावर लिहिलेलं मूळ पुस्तक मात्र अजून वाचता येतं.

फाईल आतून बिघडली आहे का, हे कळायला चेकसम वापरतात. फाईल गणिती सूत्रातून घातली की चौसष्ट चिन्हांचा एक ठसा निघतो. तीनशे पानांतला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो. ठरावीक काळानं ठसे पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहायचे. जुळला नाही, तर दुसरीकडची चांगली प्रत आणायची. म्हणून प्रती अनेक हव्यात, आणि त्या दूरदूर हव्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेला लॉक्स प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. निरनिराळ्या ग्रंथालयांतले संगणक आपापल्या प्रती एकमेकांशी पडताळतात, आणि ज्याची प्रत इतरांशी जुळत नाही त्याला ती दुरुस्त करून देतात.

प्रती असल्या तरी त्या परत जागेवर आणता यायला हव्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. ऑनलाइन तालिका मर्यादित स्वरूपात परत यायला जानेवारी उजाडला. देशभरातले पीएचडी प्रबंध शोधून देणारी सेवा त्यानंतरही बराच काळ बंद होती. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या, पण त्या पुन्हा उभ्या करायला यंत्रणाच शिल्लक नव्हती. म्हणून वर्षातून एक दिवस ग्रंथालयानं हे करावं: कुठलाही एक प्रबंध निवडावा, तो राखीव प्रतीतून कोऱ्या संगणकावर उतरवावा, उघडून पाहावा आणि त्याचा ठसा पहिल्या दिवशी नोंदवलेल्या ठशाशी ताडून घ्यावा.