ट्यूअमची ७९६ नावं

आयर्लंडमधल्या ट्यूअम गावच्या शाळेत ‘होम’मधली, म्हणजे लग्नाआधी आई झालेल्या मुलींना आणि त्यांच्या मुलांना जिथे ठेवत त्या संस्थेतली मुलं सगळ्यांच्या नंतर यायची आणि सगळ्यांच्या आधी निघायची. गावातल्या मुलांशी त्यांची वाटेत गाठ पडू नये म्हणून ही सोय. पायात खिळे ठोकलेले जड बूट असायचे, त्यामुळे मुलं दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. वर्गात ती मागे बसायची. एकदा कॅथरिन नावाच्या एका लहान मुलीने खाऊच्या गोळीचा रिकामा कागद पुन्हा नीट गुंडाळला आणि त्यातल्या एकीच्या हातात ठेवला. तिने अधीर होऊन तो उघडला. आत काहीच नव्हतं. ही गोष्ट १९६०च्या आसपासची. कॅथरिन कॉरलेस यांनी ती पुढे स्वतःच सांगितली, आणि तो कागद आयुष्यभर मनातून गेला नाही हेही सांगितलं.

आज ट्यूअमचं नाव जगभरच्या बातम्यांत आहे, कारण जुलै २०२५पासून तिथल्या एका वसाहतीच्या मधल्या हिरवळीवर उंच कुंपण घालून उत्खनन सुरू झालं आहे. तिथे तान्ह्या मुलांचे अवशेष शोधले जात आहेत. ही बातमी नुसती वाचली तर एका क्रूर संस्थेची कहाणी वाटते. पण तिच्या मुळाशी गेलं की दुष्काळ लागतो, शेतजमीन लागते, लग्नाचे व्यवहार लागतात आणि सगळं ठाऊक असूनही गप्प राहिलेला एक गाव लागतो.

ट्यूअम हे आयर्लंडच्या पश्चिमेकडचं, गॉलवे परगण्यातलं बाजाराचं गाव. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ ‘थडग्यावरचा मातीचा उंचवटा’ असा होतो. ज्या इमारतीत पुढे ‘होम’ आलं, ती मुळात वर्कहाउस म्हणून बांधलेली. १८३८च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने आयर्लंडभर अशी वर्कहाउसं उभारली. निराधारांना आसरा द्यायचा, पण तो इतका कडक आणि लाजिरवाणा ठेवायचा की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी दारात येऊ नये, हे त्यामागचं धोरण. आत आल्यावर नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. ट्यूअमचं वर्कहाउस १८४६मध्ये उघडलं. आदल्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला होता. पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथीने मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. पश्चिमेकडच्या परगण्यांना सर्वांत मोठा फटका बसला.

या दुष्काळाने माणसं मारली, तशी मागे उरलेल्यांची जगायची रीतही बदलली. त्याआधी शेताचे तुकडे करून सगळ्या मुलांना वाटणी मिळायची. एवढ्याशा तुकड्यावर बटाटा लावून कुटुंब कसंबसं जगायचं. दुष्काळानंतर लोकांनी धसका घेतला. जमीन तोडायची नाही, ती एकाच मुलाला द्यायची. एका मुलीला हुंडा देऊन उजवायचं. बाकीच्यांनी बॉस्टन, न्यूयॉर्क, लिव्हरपूल गाठायचं, नाहीतर पाद्री किंवा नन व्हायचं. लग्नं मध्यस्थ जुळवायचे. किती एकर, किती गुरं, किती रोकड याची बोलणी व्हायची. पोरं वाट बघत बसायची, म्हातारा जमीन नावावर करेपर्यंत पस्तिशी उलटायची. अशा घरात लग्नाआधी मुलगी गरोदर राहिली की ती एकटीची अडचण उरत नसे. भावाला चालून आलेली सोयरीक मोडायची, बहिणीचा हुंडा वाया जायचा, कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या मावशीपर्यंत बट्टा लागायचा. आपल्याकडच्या वाचकाला हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

१९२२मध्ये आयर्लंड मोकळा झाला. लगेच यादवी पेटली, आणि एप्रिल १९२३मध्ये ट्यूअमच्या याच वर्कहाउसच्या आवारात नव्या सरकारच्या सैन्याने सहा प्रजासत्ताकवादी कैद्यांना गोळ्या घातल्या. त्या सहांची आठवण गावाने जपली आहे. त्याच आवारात १९२५ साली मुलांचं होम आलं. ग्लेनॅमाडी गावातल्या जुन्या वर्कहाउसमध्ये बॉन सेकूर या पंथाच्या नन मुलांना सांभाळत होत्या, ती व्यवस्था उचलून ट्यूअमला आणली. इमारत काउंटी कौन्सिलची, कारभार ननचा, आणि प्रत्येक आईमागे, प्रत्येक मुलामागे कौन्सिलकडून ठरावीक पैसे. स्वतंत्र आयर्लंडने दारिद्र्य आणि कलंक या दोन्ही गोष्टी परक्या सरकारच्याच भिंतींच्या आत ठेवल्या. फक्त चाव्या बदलल्या.

होममध्ये येणाऱ्या बहुतेक मुली आसपासच्या खेड्यांतल्या. कधी बाप रात्रीच्या वेळी आणून सोडायचा, कधी गावचे पाद्री व्यवस्था लावायचे. बाळंतपण झाल्यावर साधारण वर्षभर आईने तिथे राहून बिनपगारी राबायचं: धुणं, फरशी, स्वयंपाक, दुसऱ्यांच्या बाळांचं करणं. वर्ष संपलं की ती निघायची आणि मूल मागे राहायचं. काही आया गावातच कुठेतरी मोलकरीण म्हणून राहिल्या आणि आठवड्यामागून आठवडे दारात जाऊन मूल मागत राहिल्या. दार उघडलं नाही. जगलेली मुलं पाच-सहा वर्षांची झाली की पैसे देऊन शेतकरी कुटुंबांकडे ठेवली जात. काहींना तिथे माया मिळाली, पण पुष्कळांच्या वाट्याला नुसतं शेतकाम आलं. १९५२चा दत्तक कायदा होईपर्यंत त्या देशात कायदेशीर दत्तक ही गोष्टच नव्हती.

मुलांचा बाप या सगळ्यात कुठे होता? १९३०च्या कायद्याने त्याच्याकडून पोटगी मागता येत होती, पण त्यासाठी आईने कोर्टात उभं राहायचं आणि पुरावा आणायचा. घरच्यांनी ज्या मुलीचं तोंडही बघायचं सोडलं होतं, तिने हे करावं अशी अपेक्षा. बाप गावातच राहिला, चर्चला गेला, यथावकाश लग्न करून मोकळा झाला.

मुलं मरत होती आणि ते सरकारला ठाऊक होतं. १९४०च्या दशकातल्या तपासनिसांच्या अहवालांत खचाखच भरलेले वॉर्ड आहेत आणि हाडांचा सापळा झालेली बाळं आहेत. गोवर, डांग्या खोकला, हगवण, क्षय, न्यूमोनिया अशी कारणं दाखल्यांवर नोंदलेली आहेत. एका खोलीत इतकी तान्ही मुलं, आईचं दूध तुटलेलं, की गोवराची एक साथ आली तरी काही आठवड्यांत पाळणेच्या पाळणे रिकामे व्हायचे. पुढच्या चौकशीचा आकडा सांगतो की या होममधली ९७८ मुलं दगावली आणि त्यांतली ८० टक्के वर्षाच्या आतली होती.

१९६१मध्ये होम बंद झालं. सत्तरच्या दशकात इमारत पाडून तिथे कौन्सिलने घरं बांधली. १९७५च्या सुमाराला तिथे खेळणाऱ्या दोन मुलांनी जमिनीतली काँक्रीटची लादी सरकवली, तर खाली पोकळीत लहान लहान हाडं. पाद्री आले, प्रार्थना झाली, खड्डा बुजवला गेला. दुष्काळात मेलेल्यांची हाडं असणार, असं लोक म्हणाले. त्या मातीत ते खरं वाटण्यासारखंच होतं. शिवाय खेड्यांत ‘किलीन’ नावाची जुनी रीत होती. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नसे, मग बाप संध्याकाळी एखादी पेटी काखेत मारून निघायचा आणि शेताच्या बांधावर किंवा जुन्या गढीच्या कडेला पुरून यायचा. वर एखादा बिननावाचा दगड. अशी ठिकाणं आयर्लंडभर आहेत. पण होममधल्या मुलांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्या काळच्या नियमानेही त्यांना दफनभूमीत जागा मिळायला हवी होती. वसाहतीतली काही माणसं मात्र तो कोपरा वर्षानुवर्षं जपत आली. गवत कापायचं, फुलझाडं लावायची, मेरीमातेची एक छोटी मूर्ती. नावं कुणालाच माहीत नव्हती.

आणि इथे गोळीच्या कागदाची ती मुलगी परत येते. कॅथरिन कॉरलेस यांनी संसार, शेत, मुलं सांभाळून स्थानिक इतिहासाचा अभ्यास सुरू केला होता. त्यांच्याकडे ना कुठली पदवी, ना विद्यापीठाचा आधार. ‘ओल्ड ट्यूअम सोसायटी’च्या वार्षिकासाठी लेख लिहायचा म्हणून त्यांनी होम हा विषय निवडला. गावात विचारलं की लोक विषय बदलायचे. मग त्या कागदांकडे वळल्या. गॉलवेच्या निबंधक कार्यालयात त्यांनी होममध्ये मेलेल्या मुलांची नावं मागितली. त्यांचा अंदाज वीस-तीसचा. काही दिवसांनी तिथल्या कर्मचारी बाईंचा फोन आला, तुम्हाला खरंच सगळी हवीत का? निबंधकाच्या नोंदींतला आकडा ७९६ होता. एकेका दाखल्याला चार युरो पडत होते. त्यांनी पदरचे पैसे घालून दाखले मिळवले.

पुढचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते कुणीही करू शकला असता आणि कुणीही केलं नाही. त्यांनी ती नावं आसपासच्या दफनभूमींच्या नोंदवह्यांशी एकेक करून ताडून पाहिली. दोन अपवाद सोडले तर कुणीच कुठे पुरलेलं नव्हतं. मग जुने नकाशे काढले. वर्कहाउसच्या काळातल्या नकाशावर एका कोपऱ्यात मैल्याची टाकी दाखवलेली होती. तो नकाशा आजच्या नकाशावर ठेवला तेव्हा टाकीची जागा आणि त्या दोन मुलांना हाडं सापडली ती जागा एकच निघाली. हा लेख २०१२मध्ये वार्षिकात छापून आला. गावात कुणी फारसं बोललं नाही. २०१४मध्ये एका वृत्तपत्राने बातमी केली तेव्हा ती जगभर गेली, आणि ‘हे शक्यच नाही’ म्हणणारे तितक्याच जोराने पुढे आले.

२०१५मध्ये न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. मार्च २०१७मध्ये आयोगाने जाहीर केलं की जमिनीखालच्या २० कप्प्यांपैकी १७ कप्प्यांत मानवी अवशेष ‘लक्षणीय प्रमाणात’ आहेत. वय, गर्भातल्या ३५ आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत. काळ, होम चालू होतं तोच. दुष्काळाची सबब तिथे संपली. पंतप्रधान एंडा केनी संसदेत म्हणाले की नननी काही आपल्या घरांत घुसून आपली मुलं पळवली नाहीत, आपणच ती त्यांच्या हवाली केली.

केनींचं हे वाक्य खरं आहे, आणि तेच पुढे सोयीचंही ठरलं. जानेवारी २०२१मध्ये अंतिम अहवाल आला. देशभरच्या १८ संस्थांत सुमारे ९,००० मुलं मेली, म्हणजे दाखल झालेल्यांपैकी साधारण १५ टक्के. पण अहवालाने मुख्य जबाबदारी मुलांच्या बापांवर आणि मुलींच्या घरच्यांवर टाकली. राज्य आणि चर्च यांची साथ होती असं म्हटलं. अशा संस्थांतून जगून बाहेर पडलेल्यांचा संताप झाला. ज्या घरच्यांकडे मुलीला ठेवायला ना पैसा, ना कायद्याचं बळ, ना पाद्र्याची परवानगी, त्यांचा दोष मोठा, आणि ज्यांनी कायदे केले, निधी मोजला, अहवाल वाचून फाइली बंद केल्या, त्यांचा धाकटा? मला ही वाटणी पटत नाही. पंतप्रधान मीहॉल मार्टिन यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली. बॉन सेकूर ननांनीही मागितली. याच पंथाने २००१-०२च्या सुमाराला ट्यूअम सोडताना आपल्या १२ ननांचे अवशेष उकरून नॉकजवळच्या दफनभूमीत रीतसर हलवले होते. मुलांकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

हे सगळं एकट्या ट्यूअमचं नव्हतं. ३१ जानेवारी १९८४ रोजी लाँगफर्ड परगण्यातल्या ग्रॅनर्ड गावात ॲन लव्हेट ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी मेरीमातेच्या गुंफेपाशी पावसात एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं, संध्याकाळी तीही गेली. त्यानंतर देशभरच्या बायकांनी रेडिओच्या एका कार्यक्रमाला पत्रं लिहिली, चाळीस-पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं लिहिलं, आणि ती पत्रं एकामागून एक वाचली गेली. त्याच वर्षी केरी परगण्यात समुद्रकिनारी एक मृत अर्भक सापडलं, आणि कित्येक मैलांवरच्या एका अविवाहित आईवर पोलिसांनी त्याचा खून लावला. रक्तगट जुळत नव्हता. आरोप मागे घ्यावा लागला, तरी चौकशी मंडळाने तिच्या खासगी आयुष्यावरच दिवसचे दिवस प्रश्न विचारले. राज्याने तिची माफी मागितली २०२०मध्ये. ‘अनौरस’ हा शिक्का आयरिश कायद्यातून निघाला तो १९८७ साली.

ऑगस्ट २०१८मध्ये पोप फ्रान्सिस डब्लिनमध्ये मोठी प्रार्थनासभा घेत होते, त्याच दुपारी ट्यूअममध्ये लोक जमले आणि ७९६ नावं मोठ्याने वाचली गेली. नाव आणि वय. अमुक, तीन महिने. तमुक, पाच आठवडे. एकाच आडनावाची दोन-दोन भावंडंही त्यात होती.

२०२२मध्ये अशा दफनजागा उकरण्यासाठी खास कायदा झाला. रेड क्रॉसमध्ये बेपत्ता माणसांच्या शोधाचं काम केलेले डॅनियल मॅकस्वीनी संचालक नेमले गेले. काम सुमारे दोन वर्षं चालेल असा अंदाज आहे. हाडं इतकी लहान आणि एकमेकांत मिसळलेली आहेत की एका बाळाचं दुसऱ्यापासून वेगळं करणं हेच अवघड. काहींची ओळख कदाचित कधीच पटणार नाही. माफीबरोबर आलेल्या भरपाई योजनेतून लहानपणी सहा महिन्यांहून कमी काळ अशा संस्थेत राहिलेल्यांना वगळलं आहे, तो वाद वेगळाच धुमसतो आहे.

डीएनए नमुने द्यायला नातेवाईक येत आहेत. ज्यांचं वय जास्त किंवा तब्येत ढासळलेली, त्यांचे नमुने आधी घेतले जातात. कुणी बहीण, कुणी सावत्र भाऊ. यांतल्या काहींना आपल्याला असं एक भावंड होतं हेच कळलं ते कॅथरिनबाईंच्या यादीतून, आई गेल्यानंतर.