जुन्या लेथ यंत्रांचे जतन (मराठवाडा)

जुनी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापणारे यंत्र), शेपर (धातूचा पृष्ठभाग रंधून सपाट करणारे यंत्र), ड्रिल ही धातुकामाची यंत्रे भंगारात जाण्याआधी मिळवून पुन्हा अचूक चालती करण्याचे काम. मराठवाड्यात अशी यंत्रे मिळण्याची ठिकाणे म्हणजे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, साखर कारखान्यांचे वर्कशॉप आणि तालुक्याच्या गावची पंप-इंजिन दुरुस्तीची दुकाने. सर्वांत जुनी यंत्रे लाइन शाफ्टवरून (अनेक यंत्रांना फिरवणारा एकच लांब दांडा) चामडी पट्ट्याने फिरत. देशी यंत्रांत हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची (स्थापना १९४१) आणि बंगळूरच्या एचएमटीची (हिंदुस्थान मशीन टूल्स, स्थापना १९५३) लेथ मशीन महत्त्वाची. यंत्रांचे सांगाडे बिडाचे असतात (बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्ह्याच्या नावाशी संबंध नाही). बिडाच्या भंगाराला ओतशाळांत गिऱ्हाईक असते, म्हणून चांगले यंत्रही वजनावर विकले जाते.

रंगरंगोटीला पुनरुज्जीवन म्हणणे चूक आहे. खरी परीक्षा बेडची, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात त्या लांब पायाची. बहुतेक कामे आखूड असल्याने बेड चकजवळ (काम पकडून फिरवणारा भाग) जास्त झिजतो आणि टेलस्टॉककडचे (कामाला दुसऱ्या बाजूने आधार देणारा भाग) टोक जवळपास मूळ अवस्थेत राहते; झीज मोजायला तेच टोक प्रमाण धरतात. मग निळा रंग लावलेली सपाट पट्टी बेडवर फिरवतात. उंचवट्यांना रंग लागतो, तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा पट्टी फिरवायची, पुन्हा खरवडायचे. हे काम कित्येक दिवस चालते. खरवडलेल्या बारीक खळग्यांत तेल टिकते, हा त्याचा मोठा फायदा. घाईने बेड ग्राइंड करून घेतला, तर कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) खाली बसते आणि लीड स्क्रूशी (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा आट्यांचा लांब दांडा) तिची जुळणी बिघडते.

गंज काढण्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडतात: भाग ऋण टोकाला, साधी लोखंडी पट्टी धन टोकाला. स्टेनलेस पट्टी वापरू नये. पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम उघड्यावर करावे.

जुन्या विलायती यंत्रांचा लीड स्क्रू इंचांतला असतो. १८४१ मध्ये व्हिटवर्थने सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर मेट्रिक आट्यांचा ६०. कोन हत्यार घासून साधता येतो. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आट्यांचे अंतर साधायला मात्र १२७ दात्यांचे चाक लागते, कारण १ इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७. म्हणून यंत्र उचलताना दुकानाच्या कोपऱ्यातले अशा दातेरी चाकांचे खोके आधी ताब्यात घ्यावे.