पिल्लाचा क्रेट: सुरुवात उघड्या दारानं

व्यायला आलेली गल्लीतली कुत्री आधीपासूनच जागा हेरत हिंडते. जिन्याखालचा कोपरा, बंद पडलेल्या गाडीखालची सावली, वाळूच्या ढिगामागचा आडोसा, एखादी कोरडी मोरी. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटानं पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या अशा जागांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. माणसांपासून लांब, निर्जन जागी जाण्याऐवजी या माद्या वस्तीला लागूनच पिल्लं घालतात, असं त्यात दिसलं.

क्रेट म्हणजे कुत्र्याला घरात झोपायला ठेवतात तो दाराचा पिंजरा. तो विकणारे अशाच जागांचा दाखला देतात. कुत्रा मुळात बिळात राहणारा प्राणी, तेव्हा पिंजरा त्याला आवडणारच, असं सांगतात. हे अर्धंच खरं आहे. ती जागा आईनं निवडलेली असते, पिल्लं लहान असेपर्यंतच वापरात असते आणि तिला दार नसतं. लांडग्यांची पिल्लंही साधारण आठ-दहा आठवड्यांची झाली की गुहा सुटते, कळप त्यांना उघड्यावर घेऊन येतो. आपल्या घरी पिल्लू येतं ते जवळपास याच वयात. तीन बाजूंनी आडोसा असलेला कोपरा त्याला आवडतो हे निसर्गदत्त आहे, पण कडी लागलेलं दार त्याला सर्वस्वी नवीन असतं. ते त्याला शिकवावं लागतं, आणि शिकवण्यात घाई केली की चांगला क्रेटही पिल्लासाठी तुरुंग होतो.

तरी क्रेटचा उपयोग होतो, आणि त्यामागचं कारण पिल्लाच्या शरीरात आहे. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा ती होते आणि आईच ती साफ करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू लटपटत का होईना, झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन शू करू लागतं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांची वर्षानुवर्षं निरीक्षणं केली आणि १९६५ मध्ये ती मांडली. त्यांना दिसलं की साडेआठ आठवड्यांच्या आसपास पिल्लं शीसाठी ठरावीक जागा पकडू लागतात. क्रेट या कलाचा फायदा घेतो. झोपायची जागा घाण करायची नाही म्हणून पिल्लू थोडं थांबतं, आणि तेवढ्या वेळात आपण त्याला उचलून खाली नेऊ शकतो.

इथे एक गोष्ट फार कमी जण सांगतात. ज्या पिल्लाचे पहिले आठवडे अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत झोपून गेले, त्याची ही ओढ मोडलेली असते. असं पिल्लू क्रेटमध्ये शू करून त्यातच झोपतं, आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. ते हट्टी नसतं, त्याला दुसरा पर्यायच मिळालेला नसतो. म्हणून पिल्लू आणताना ते कुठल्या जागेत वाढलं ते डोळ्यांनी बघून या. आपल्याकडच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता माप. कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि पाय ताणून कुशीवर झोपता आलं पाहिजे. लांबी मोजायची ती नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, वर चार बोटं जास्त. उंची मोजायची कुत्रा बसलेला असताना, कारण बसल्यावर पुष्कळ कुत्र्यांचं डोकं उभं असतानापेक्षा वर जातं. बाजारात मापं इंचांत असतात. पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडोरला साधारण ४२ इंची लागतो, मध्यम बांध्याच्या देशी कुत्र्याला ३६ इंची. दोन महिन्यांच्या पिल्लाला एवढा मोठा दिला, तर ते एका टोकाला झोपून दुसऱ्या टोकाला शू करतं. म्हणून मधे सरकवायची जाळी मिळते असा क्रेट घ्या आणि पिल्लू वाढेल तशी ती मागे ढकला.

आपल्या हवेत मी तारेचाच क्रेट सुचवेन. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. उकाड्यात अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, जीभ आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. त्यासाठी हवा खेळती लागते. विदर्भातला मे महिना असो की मुंबईची दमट दुपार, बंदिस्त प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये हे काम अवघड होतं. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर जिवावर बेतू शकतं. प्लॅस्टिकचा क्रेट प्रवासासाठी ठीक. तारेच्या क्रेटवर चादर टाकायची तर वर आणि मागे टाका, बाकी बाजू मोकळ्या ठेवा. गजांमधली फट पिल्लाचा पंजा किंवा जबडा अडकेल एवढी नको. आत सोडताना गळ्यातला पट्टा न चुकता काढा. त्याचं बक्कल किंवा बिल्ला गजात अडकून गळफास बसू शकतो. कोकणात आणि किनारपट्टीवर गजांवरचा रंग उडाला की लगेच गंज धरतो, पिल्लू तेच गज चावतं, म्हणून सांधे अधूनमधून तपासा.

जुना क्रेट स्वस्तात मिळत असेल तर आधी विचारा, त्यातल्या कुत्र्याला पार्व्हो हा पिल्लांच्या जिवावर बेतणारा संसर्गजन्य आजार झाला होता का. पार्व्होचा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. क्रेट आधी साबणानं घासून धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ओला राहू द्या, नंतर भरपूर पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवा. लस पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

क्रेट घरी आला की पहिले काही दिवस दार बांधून उघडं ठेवा, वाऱ्यानंही हलायला नको. दारापाशी खाऊचे दाणे टाका, मग उंबऱ्यावर, मग थोडे आत. पिल्लू काय करतं ते नीट बघा. सुरुवातीला ते मान लांब करून आतला दाणा उचलतं, पण मागचे दोन्ही पाय बाहेरच रोवलेले असतात, अंग मागे पळायच्या तयारीत. हे पाय आपणहून आत येत नाहीत, पिल्लू आत वळून तिथेच बसून तुमच्याकडे बघू लागत नाही, तोवर दाराला हात लावू नका. ढकलून तर कधीच घालू नका. मग जेवण आतच द्यायला लागा. खाताना दार लोटा आणि खाणं संपायच्या आत उघडा. पुढे हा वेळ हळूहळू वाढवा. घंटेचा आणि अन्नाचा जो संबंध पावलॉवच्या कुत्र्यांच्या मनात जुळला, तोच इथे क्रेट आणि चांगल्या गोष्टी यांच्यात जुळवायचा आहे.

आणि रात्रीचं रडणं. ‘रडू दे, दोन दिवसांत गप्प बसेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि मला तो क्रूर वाटतो. १९७८ मध्ये मेंदूचे अभ्यासक याक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत वर उल्लेख केलेले स्कॉटही होते) एकटं ठेवलेल्या पिल्लांना मॉर्फिन हे वेदनाशामक अगदी थोडं दिलं, तेव्हा त्यांचं रडणं कमी झालं. विरहाचं दुःख शमवणारी मेंदूतली रसायनं आणि वेदना शमवणारी रसायनं एकाच कुळातली आहेत, असं यातून पुढे आलं. कालपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपणारं पिल्लू अंधाऱ्या हॉलमध्ये एकटं विव्हळतं, तेव्हा ते नाटक करत नसतं. पहिल्या रात्री क्रेट तुमच्या अंथरुणाला लागून ठेवा. हात खाली सोडला तर बोटं गजांना लागतील इतका जवळ. रडलं तर आधी शू लागली का ते बघा, न बोलता, दिवे न लावता बाहेर नेऊन आणा. नुसतीच कुरकुर असेल तर गजातून हात द्या. पिल्लू स्थिरावलं की क्रेट रोज थोडा थोडा कायमच्या जागेकडे सरकवता येतो.

तासांचा ठोकताळा असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, दिवसा तेवढे तास ही कमाल मर्यादा. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही आधी शू करून आलेलं असेल तर. उठल्यावर, खेळल्यावर आणि जेवल्यावर लगेच बाहेर न्यायचं. पोटात अन्न पडलं की आतडी हालचाल सुरू करतात. घरातले सगळे नऊ-दहा तास नोकरीला जाणार असतील, तर क्रेट हे त्याचं उत्तर नाही. खेळायला जागा असलेलं कुंपण किंवा मोकळी केलेली खोली, आणि दुपारी येऊन जाणारं कुणीतरी, अशी सोय आधी करा, मगच पिल्लू आणा. स्वीडनमध्ये प्रवासासारखे अपवाद सोडले तर घरात कुत्र्याला असं क्रेटमध्ये कोंडायला मनाई आहे. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं हा गुन्हा आहे.

काही पिल्लांना मात्र हे मानवतच नाही. लाळेनं छाती भिजणं, गज चावून हिरड्यांतून रक्त येणं, नखं तुटेपर्यंत दार खरवडणं, ही घबराटीची लक्षणं आहेत. असं दिसलं तर ‘सवय होईल’ म्हणत थांबू नका. त्याच दिवसापासून दार बंद करणं सोडा, पिल्लाला खोलीत मोकळं ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा.