कमळाचा कंद लावताना पाणी किती ठेवावे

आमच्याकडून कंद नेताना बहुतेक जण विचारतात, "कमळ तळ्यात वाढतं, मग तुम्ही ३ इंचच पाणी का सांगता?" रुळलेलं कमळ २-३ फूट पाण्यातही फुलतं, हे खरंच. नव्या कंदाकडे मात्र साठवलेल्या पिठाचीच शिदोरी असते. पान वर येऊन ऊन खाईपर्यंत त्यावरच भागवायचं. पाणी खोल असलं की ती देठ लांबवण्यातच संपते आणि कंद कुजतो. सर्वांत जास्त कंद जातात ते पहिल्याच दिवशी हौद काठोकाठ भरल्यामुळे.

टब पसरट आणि गोल घ्या. चौकोनी टबात कोंब कोपऱ्यात अडकून मोडतो. गोल टबात भातखाचरातली चिकण माती ६ इंच घाला. कोकोपीट तरंगतं आणि ताजं शेण कंद जाळतं, म्हणून दोन्ही टाळा. कंद आडवा दाबा, कोंब मातीबाहेर ठेवा. मातीवर २-३ इंच पाणी पुरे. हौद खोल असेल तर टब चिऱ्यांवर ठेवा. पहिली पानं तरंगतात, नंतरची ताठ उभी राहतात. उभी पानं दिसली की चिरे काढून टब खाली घ्या, पण ती पाण्याबाहेरच राहायला हवीत.

कंद मार्च-एप्रिलमध्येच न्या, म्हणजे पावसाआधी पानं उभी राहतात. आपल्याकडे कोकणात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. तेवढ्यानेच हौद ८ इंच चढतो. पन्हळीचं पाणी हौदात सोडू नका, सांडव्याचा पाईप मोकळा ठेवा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते कमळाला घालू नका.

शोभेसाठी पाणकणीस हवं असेल तर वेगळ्या कुंडीत लावा. उथळ पाण्यात ते कमळाला हटवू शकतं: मुळं माती व्यापतात, पात्यांची सावली पडते. हौदात पसरलंच असेल तर मे महिन्यात पाणी उतरल्यावर बुडापासून कापा. त्याच्या मुळांना हवा पात्यांतून मिळते. पावसाचं पाणी खुंटांवर चढलं की ती गुदमरतात. पाण्याबाहेर खुंट राहिले तर मेहनत वाया. जलपर्णी आम्ही विकत नाही, कितीही मागणी असली तरी. ती कमळाचं ऊन अडवते आणि पुराबरोबर वहाळात जाते.

कंद देताना हौदाची खोली आणि ऊन आम्ही मुद्दाम विचारतो. कमळाला रोज ६ तास ऊन हवंच. मापं आणलीत तर त्याप्रमाणे माती भरलेला टब तयार मिळेल. कंद रुजला नाही तर बदलून देतो, मात्र पाण्यात पट्टी उभी धरून काढलेला फोटो आणा.